दहापैकी किती

कूलरचं पाणी संपलं की पंप आधी खरखरतो,
मग बारीक रडल्यासारखा आवाज काढतो.
चाळीस वर्षं हेच दुरुस्त करत आलो,
झोपेतही कळतं मला.
म्हणून मे महिन्यात रात्री दीडला पाइप घेऊन
रामेश्वरीतल्या माझ्याच घराचा जिना चढलो,
वरच्या भाडेकरूंच्या टाकीत पाणी भरायला.

दार उघडंच होतं.
उत्पला फरशीवर, गुडघे पोटाशी, ओठ दातांखाली.
सुगत भिंतीला टेकून उभा, हातात तिची चप्पल.
एकच.
दुसरी सापडत नव्हती,
आणि त्या एका चपलेपायी तो केव्हाचा तिथंच उभा होता.
राहू दे बापा ती चप्पल, मी म्हटलं,
रज्जाकला उठवतो, ऑटो काढतो.

मेडिकलमध्ये डॉक्टर पोरगी विचारत होती,
दहापैकी किती दुखतं?
नऊ, उत्पला म्हणाली.
मग जरा थांबून, साडेआठ लिहा.
दुखणं सांगतानाही काटकसर.

सिकलसेल.
रक्त विळ्यासारखं वाकडं होतं, काका,
आणि अडकतं जिथं तिथं.
पाणी कमी पडलं की जास्तच.
मला त्यातलं पाणी तेवढं समजलं.
कूलरवाल्याला तेवढं पुरे.
त्या दिवसापासून चार वाजले की मी खालून ओरडतो,
उत्पला, पाणी!
आणि ती वरून ग्रिलवर रिकामा ग्लास वाजवते.

सुगतचं मात्र समजलं नाही.
त्याचं रक्त तपासलं, काही निघालं नाही,
तरी सुकत तोच चालला.
मिहानच्या गोदामातली नोकरी सुटली.
रात्रभर तिचे श्वास मोजायचा,
दिवसा गच्चीवर बसायचा,
पारा पंचेचाळीस आणि डोक्याला दुपट्टा नाही.
काऊन असा करून राहिला, मी म्हटलं,
मन घट्ट कर.
तिच्याकडं पाह्य, तिला तर खरं दुखणं आहे.

खरं.
ओल्या हातानं प्लग धरावा
तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं.
आठ दिवस दार लागलेलं.
चार वाजता ओरडलो, ग्लास वाजला नाही.

नवव्या दिवशी त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो,
मांडीवर एक जळकी मोटर.
दारालाच सांगितलं,
हिचं वाइंडिंग गेलं आहे, वरून पाहशील तर कोरी करकरीत.
मी चुकलो रे त्या दिवशी.
दहापैकी किती, तेवढं सांग.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग आतून,
सात, काका.
रोजच सात.

आता मंगळवारी दोघं एकाच ऑटोत जातात,
दोन फायली, दोन खिडक्या, दोन रांगा.
मी बाकावर डबा सांभाळत बसतो,
कधी गोळाभात, कधी नुसते मुरमुरे.
त्याच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं.
म्हणजे त्यालाही पाणी.

बरं झालं आहे, असं नाही.
दिवाळीत ती पुन्हा चार दिवस ॲडमिट होती.
मूल होऊ द्यावं की नाही, यावर रात्री बोलतात.
आवाज खाली येतात, शब्द येत नाहीत.
यायला लागले की मी टीव्ही मोठा करतो.

मग थंडी पडली.
कूलर खोलून, गवत झटकून, गोणपाटात बांधून ठेवला
आणि वर जायचं निमित्तच संपलं.
थंडीत तिचे सांधे धरतात,
म्हणून त्यांचा गीझर उघडून पाहिला.
चांगलाच होता.
तरी दोन स्क्रू बदलले.

काल संध्याकाळी सुगत खाली आला,
हातात दोन कप चहा.
शेवंता बसायची त्या स्टुलावर बसला,
त्याला काय माहीत.
म्हणाला, काका, तुमचा आज किती?

थांब, म्हटलं,
मोजावं लागेल.
तो थांबला.
चहावर साय धरली,
तरी थांबला.